भंगारातली रेल्वे : चालतं ते विकत, उभं ते घरचं

मॉडेल रेल्वेचा विषय काढला की समोरचा माणूस आधी पैशाचंच बोलतो, बाप रे महाग असतं ना ते, आणि दुकानातल्या काचेमागचे बॉक्स बघितले की पटतंही. इंजिन महाग, रूळ महाग, आणि त्या इटुकल्या घरांच्या आणि झाडांच्या किमती बघून तर बरेच जण तिथूनच परत फिरतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण एखाद्या लेआउटसमोर, म्हणजे फळीवर मांडलेल्या अख्ख्या छोट्या रेल्वेसमोर, उभं राहिल्यावर डोळ्याला जे दिसतं त्यात इंजिन किती आणि बाकीचं किती हे जरा बघा. बाकीचं म्हणजे माती, डोंगर, गवत, गोदामं, फलाट, कुंपणं, पत्र्याच्या शेड, आणि हे सगळंच्या सगळं घरातून रोज कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूंमधून होतं. विकतच्यापेक्षा चांगलं होतं असं माझं ठाम मत आहे.

माझा नियम एकच आणि तो मी या छंदात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. जे चालतं ते विकत घ्यायचं, जे उभं राहतं ते घरी बनवायचं.

हे असं का, तर चाक आणि रूळ यांच्यात चूक खपत नाही. एचओ स्केल घ्या, म्हणजे खऱ्याच्या १:८७, त्यात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एका आसावरच्या दोन चाकांमध्ये आतल्या बाजूने साधारण १४.४ मिमी अंतर लागतं, ते अर्धा मिमी जरी चुकलं तरी डबा सरळ रुळावर मजेत धावेल आणि सांध्यावर (एका रुळाचे दोन फाटे फुटतात तिथे) गेला की उतरेल, आणि मग तुम्ही रुळाला दोष देत बसाल. भिंतीचं तसं नाही ना. गोदामाची भिंत अर्धा मिमी इकडेतिकडे झाली तर खऱ्यातले ते चार-साडेचार सेंटिमीटर होतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जे काही पैसे असतील ते चाकं, रूळ, सांधे आणि मोटर एवढ्यावरच घालायचे, आणि तेही जुन्या बाजारात शोधून.

दुसरी गोष्ट जागेची, कारण सगळ्यात मोठी बचत तिथेच होते. लोकांच्या डोक्यात मोठं टेबल असतं, गोल गोल फिरणारी गाडी, दोन बोगदे, वर पूल. आता एचओमध्ये एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साधारण साडेसात सेंटिमीटर उंची चढावी लागते, आणि चढ शंभराला दोनच ठेवला (त्यापेक्षा जास्त ठेवला की लहान इंजिनं पाच-सहा डब्यांनाच दमायला लागतात) तर नुसत्या चढायलाच पावणेचार मीटर रूळ लागतो. उतरायला तेवढाच परत. एवढा रूळ विकत घ्यायचा म्हणजे बजेट तिथेच संपलं.

त्यापेक्षा शंटिंगचा, म्हणजे डबे मागेपुढे करून हव्या त्या क्रमाने जोडायचा, लेआउट करा. ऍलन राइट या इंग्लिश माणसाने बनवलेला इंगलनुक नावाचा एक आराखडा आहे, मला तो या सगळ्या छंदातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. तीन फाटे, दोन सांधे, एक इंजिन, आठ वाघिणी (मालाचे डबे), बास. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोघांवर तीन तीन, आणि इंजिन ज्या रुळावर मागेपुढे होतं त्यावर इंजिन आणि शिवाय तीन वाघिणी. प्रत्येक वाघिणीची एक अशा आठ चिठ्ठ्या करायच्या, त्यातल्या पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी जोडायची. असे क्रम किती होतात माहितीये, ६,७२०. म्हणजे रोज एक खेळलात तरी अठरा वर्षं पुरेल. आणि जागा किती, तर लहान वाघिणी घेतल्या तर दीड मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळी. पुस्तकांच्या कपाटावर मावते. गोल फिरणारी गाडी थोड्या दिवसांत बघून होते, शंटिंगचं कोडं होत नाही, कारण त्यात तुम्ही बघणारे नसता, काम करणारे असता.

फळी म्हणून जुनं कपाटाचं दार उत्तम, आतून पोकळ असलेलं हलकं दार तर फारच उत्तम, ते वाकत नाही आणि एका हाताने उचलता येतं. प्लायवुडचे उरलेले तुकडे सुताराकडे पडलेले असतातच, पण पातळ प्लाय नुसताच वापरू नका, खाली काठ्यांची चौकट हवीच, नाहीतर वर्षभरात मधे झोळ येतो. दारावर थर्माकोल चिकटवायचं, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं. यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा की थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याला सॉल्व्हंटवाला गोंद किंवा स्प्रे पेंट लागला की ते डोळ्यांदेखत विरघळतं. लाकडाचा पांढरा गोंद आणि पाण्याचे रंग, एवढंच त्याच्यावर चालतं. पांढऱ्या दाणेदार थर्माकोलपेक्षा इन्सुलेशनचा गुळगुळीत रंगीत फोम मिळाला तर तो घ्या, त्याचे दाणे सुटत नाहीत आणि चाकूने डोंगर कापता येतो. बांधकाम संपलेल्या ठिकाणी त्याचे तुकडे उरतात, विचारून घ्यायचे.

रूळ जुने घेताना खिशात एक मॅग्नेट ठेवा. चिकटला तर रूळ स्टीलचा, तो गंजतो. पिवळा दिसला तर पितळेचा, त्याच्यावर लवकर थर चढतो आणि सारखा पुसावा लागतो. चांदीसारखा दिसतो पण मॅग्नेटला चिकटत नाही तो निकेल सिल्व्हरचा, त्यात चांदी अजिबात नसते, तांबं निकेल आणि जस्त असतं, पण तोच घ्यायचा. तो पितळेपेक्षा कमी वेळा पुसावा लागतो. आणि जुने रूळ पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो तो आवरा. पेपरने बारीक चरे पडतात आणि मळ त्या चऱ्यांमध्येच जाऊन बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फडकं, पुरतं. रूळ जोडणाऱ्या त्या छोट्या चिमट्यांवर विजेचा भरवसा ठेवायचा नाही, काही दिवसांनी त्या सैल होतात, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची वायर सोल्डर करायची, आणि वायर म्हणजे कुठल्याही बिघडलेल्या उपकरणाची, तिला काय पैसे पडतात.

आता खडी. इथून माझा आवडता भाग सुरू होतो, कारण इथे पैसे वाचतातच पण डोळाही तयार होतो.

खऱ्या रुळाखालची खडी ढोबळ धरली तर पाच सेंटिमीटरची. त्याला ८७ ने भागा, अर्ध्या मिमीपेक्षा थोडी जास्त आली. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, ०.३ मिमी. म्हणजे जी बारीक वाळू आपण बारीक म्हणतो ती एचओला बरोबर बसते, आणि बरेच लोक जी जाड वाळू टाकतात ती खऱ्यात फुटबॉलएवढी झाली. सगळा लेआउट सुंदर असतो आणि खडीने खेळणं वाटायला लागतं. तर वाळू धुवायची, वाळवायची, चहाच्या गाळणीतून चाळायची, गाळणीत जे उरलं ते डोंगराखालचे दगड, खाली पडलं ते परत आणखी बारीक कापडातून चाळायचं, कापडात राहिलं ती खडी आणि कापडातून गेलेली धूळ म्हणजे रस्ता. काहीही वाया नाही. मग त्यातून मॅग्नेट फिरवायचा, आणि ही पायरी कृपा करून गाळू नका, वाळूत लोखंडाचे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरमध्ये मॅग्नेट असतो, ते कण उडून आत जाऊन बसले की मोटर गेली. यासाठी सगळ्यात भारी मॅग्नेट बिघडलेल्या हार्ड डिस्कमध्ये मिळतो, दोन असतात, बोट सापडलं तर चिमटा जोरात बसतो तेवढं सांभाळा. मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवला की कण पिशवीला चिकटतात आणि पिशवी उलटी केली की काम झालं.

खडी चिकटवायची पद्धत ठरलेली आहे. आधी ब्रशने कोरडी पसरून आकार द्यायचा, मग वरून पाण्यात थोडं अल्कोहोल घालून बारीक फवारा मारायचा, आणि मग पांढरा गोंद एक भाग, पाणी एक ते दोन भाग, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, हे ड्रॉपरने सोडायचं. लिक्विडने पाण्याचा पृष्ठताण मोडतो, नाहीतर गोंदाचा गोळा होऊन खडीवर बसून राहतो आणि खडी सरकते. सांध्याच्या हलणाऱ्या भागापाशी मात्र गोंद ड्रॉपरने नको, टूथपिकने.

पत्र्याच्या शेड. नालीदार पत्रा विकत मिळतो, आणि तो विकत घेणं मला जिवावर येतं, कारण हे काम एका बोल्टने होतं. खऱ्या पत्र्याच्या दोन नाळींमधलं अंतर साधारण ७६ मिमी असतं, म्हणजे तीन इंच. ८७ ने भागलं की ०.८७ मिमी. आणि एम५, म्हणजे ५ मिमी जाडीच्या, बोल्टच्या आट्यांमधलं अंतर किती, ०.८ मिमी! एन स्केलला ०.४७ मिमी हवं, एम३ बोल्टच्या आट्या ०.५ मिमीवर असतात. ओओ स्केल म्हणजे १:७६ वाल्यांना १ मिमी हवं, तो एम६ बोल्ट. हे जुळतं हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही, मी घरभर सगळ्यांना तो बोल्ट दाखवत फिरले होते. करायचं असं की ॲल्युमिनियमच्या डिस्पोजेबल डब्याचा सपाट तळ कापून घ्यायचा (घरातली फॉइल फार पातळ, ती लगेच चेपते), तो माऊसपॅडवर ठेवायचा आणि अख्ख्या आट्यांचा बोल्ट दाबून एकदा लाटण्यासारखा फिरवायचा. आट्या चक्राकार असल्यामुळे नाळी तीनेक अंशांनी तिरक्या उमटतात, म्हणून शीट आधी लाटायची आणि नंतर नाळींना काटकोन लावून कापायची, आधी कापून मग लाटली तर छप्पर तिरकं दिसतं. आणि अख्ख्या छपराचा एकच तुकडा नको. खरा पत्रा पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतो, एचओमध्ये नऊ मिमी धरा, तसे तुकडे करून एकावर एक चढवून लावायचे, एखादा थोडा वाकडा, एखादा वेगळ्या रंगाचा. भाचा बघायला आला होता तो छपरावर बोट फिरवत म्हणाला, मावशी हे कुठल्या मशीनवर केलंस गं? बोल्ट हातात दिला तर त्याने टेबलावरचा रिकामा डबा उचलून लाटायलाच घेतला.

भिंतींना खोक्यांचा पुठ्ठा. कुठला पुठ्ठा कशाला हे थोडं हाताला कळावं लागतं, पण मोजमाप सोपं आहे. १ मिमी पुठ्ठा म्हणजे एचओमध्ये ८७ मिमी. विटांची नऊ इंची भिंत २.६ मिमी येते, म्हणजे एकावर एक तीन पातळ पुठ्ठे, आणि मग खिडकीच्या जागी भिंतीची जाडी दिसते. ती जाडी दिसणं फार महत्त्वाचं. विकतच्या स्वस्त घरांमध्ये खिडकी भिंतीच्या तोंडाशीच चिकटवलेली असते म्हणून ती घरं खोटी वाटतात, आपल्या तीन थरांच्या भिंतीत खिडकी आत बसते, सावली पडते, आणि फुकटच्या पुठ्ठ्याचं घर विकतच्या घराला मागे टाकतं.

पुठ्ठा वाकतो अशी तक्रार सगळे करतात. तो वाकतो कारण पाण्याचा गोंद किंवा रंग एकाच बाजूला लागतो, ती बाजू फुगते, वाळताना आखडते. दोन्ही बाजूंना लावा, वजनाखाली वाळवा, थर चिकटवताना एकाचे धागे उभे तर दुसऱ्याचे आडवे ठेवा, आतून कोपऱ्यात लाकडाच्या काड्या बसवा, आणि रंगाआधी वॉर्निशचा हात द्या. एवढं केलं की पुठ्ठ्याची इमारत वर्षानुवर्षं सरळ उभी राहते. खिडकीची काच गोळ्यांच्या पाकिटांवरच्या पारदर्शक प्लास्टिकची किंवा शर्टाच्या बॉक्सच्या झाकणाची, त्यावर सुईने रेघा ओढून पांढरा रंग घासून पुसला की रेघांमध्ये राहतो आणि खिडकीच्या पट्ट्या तयार. पावसाचं पाणी जाणारे पाइप म्हणजे इअरबडची नळी, कापूस काढून. रिफिलचा टोकाकडचा भाग चिमणी होतो. धूर-काजळीसाठी कोळशाची पूड कोरड्या ब्रशने, आणि ती पत्र्याच्या खालच्या कडेला, खिडकीखाली, इंजिन जिथे थांबतं तिथे. सगळीकडे सारखी फासली तर घाण दिसते, जुनं दिसत नाही.

हा हाताने करायचा प्रकार गरिबांचा आहे असं कुणाला वाटत असेल तर दोन नावं सांगते. जॉन अहर्न, यांनी १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये मॅडर व्हॅली नावाची एक काल्पनिक लाइन बांधायला घेतली. तेव्हा बहुतेक लोकांचं सगळं लक्ष इंजिनांवर असायचं, रुळाच्या बाजूला काही असलं तर असलं. अहर्ननी गाव बांधलं, गल्ल्या, बंदर, दुकानं, आणि रेल्वे त्या गावातून जाते असं दाखवलं. ती लाइन आजही ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहे. दुसरे अमेरिकेतले जॉन ॲलन, गोरी अँड डिफीटेड लाइनवाले. छताला टेकणारे डोंगर, खोल दऱ्या, आणि सगळीकडे हाताने केलेलं काम. त्यांनी आधी एक लहानसा लेआउट केला आणि पुढे तोच अख्खा मोठ्या लेआउटमध्ये बसवून टाकला, म्हणजे केलेलं काही फेकलं नाही. १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच आग लागून तो लेआउटही गेला, फोटो मात्र आहेत आणि अजून लोक ते बघून शिकतात. हे मला दर वेळी हलवून जातं.

जॉन ॲलनची एक युक्ती आपल्यासाठी अगदी भंगारातली आहे, आरसा. लेआउटच्या टोकाला पुलाच्या कमानीमागे किंवा दोन इमारतींच्या फटीत आरसा उभा केला की रस्ता पुढे जात राहतो. साध्या आरशात चमकणारा थर काचेच्या मागे असतो, त्यामुळे कडेला काचेच्या जाडीएवढी फट दिसते आणि फसवणूक उघडी पडते. चमक पुढच्या बाजूला असलेला आरसा हवा, आणि तो पुन्हा त्याच बिघडलेल्या हार्ड डिस्कमध्ये असतो! आतल्या तबकड्या म्हणजे एक नंबर आरसे आहेत. मोठ्या साडेतीन इंची डिस्कची तबकडी ९५ मिमी व्यासाची, गोल कडा इमारतीमागे लपवायच्या. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधल्या बहुतेक काचेच्या असतात, त्या वाकवायला जाऊ नका, फुटून तुकडे डोळ्यात जातात.

झाडांबद्दल एकच भांडण आहे माझं, लोक झाडं फार छोटी करतात. पंधरा मीटरचं मध्यम झाड एचओमध्ये १७ सेंटिमीटर होतं, एनमध्येही साडेनऊ. विकतची झाडं आठ-दहा सेंटिमीटरची असतात कारण मोठी महाग पडतात, आणि मग दोन मजली घर झाडापेक्षा उंच. आपल्याला मोठं झाड करायला फक्त जास्त वायर लागते. जुन्या जाड केबलमधली तांब्याच्या तारांची वेणी सोलायची, खालचा भाग पिळून खोड, मग दोन भाग, प्रत्येकाचे परत दोन, टोकाला एकेक तार उरेपर्यंत. वर पांढरा गोंद आणि बारीक भुशाचा लेप खोडावर, फांद्यांवर विस्कटलेला घासणीचा जाळीदार तुकडा ओढून पातळ करायचा, आणि त्यावर रंगवलेला स्पंज मिक्सरमधून बारीक करून (जुना मिक्सर ठेवा यासाठी, स्वयंपाकाचा नको). हिरवा एकच रंग वापरू नका, पिवळट, काळपट, तपकिरी असे तीन-चार डबे करा. उंच गवताला सुतळीचे धागे कापून, उभे धरून गोंदात टेकवायचे आणि वाळल्यावर कात्रीने वेडेवाकडे छाटायचे.

वीज. इथे काटकसर करायची पण डोकं ठेवून. साधा डीसी लेआउट जास्तीत जास्त १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे बंद पडलेल्या राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर आणि एक छोटं पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारं) स्पीड कंट्रोल सर्किट एवढ्यात एका इंजिनाचं काम होतं. लॅपटॉपचा चार्जर साधारण १९ व्होल्टचा असतो, तो थेट रुळाला लावू नका. आणि घराच्या मुख्य लाइनला जोडलेलं काहीही उघडू नका, ॲडॅप्टर बंद डब्यातलाच हवा. डबा उतरून दोन रूळ चिकटले की शॉर्ट होतो, त्यासाठी जुनी आणि अगदी साधी युक्ती आहे, रुळाच्या एका वायरमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मधे घालायचा. एरवी त्याची फिलामेंट थंड असते, अडथळा कमी, गाडी नीट चालते. शॉर्ट झाला की बल्ब पेटतो, तापलेल्या फिलामेंटचा अडथळा वाढतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही. म्हणजे संरक्षण आणि धोक्याचा दिवा एकाच बल्बात. ॲडॅप्टर दोन अँपिअरचा असेल तर उत्तम. बल्ब चांगलाच तापतो, थर्माकोलपासून लांब बसवा. घरांतले दिवे मोबाइलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर, प्रत्येक एलईडीला स्वतःचा एक किलोओहमचा रेझिस्टर, दोनेक मिलिअँपिअर जातात आणि खिडकीतला उजेड मवाळ येतो. पूर्ण करंट दिला तर घर फ्लडलाइटसारखं पेटतं.

जुनं इंजिन घेताना बंद आहे म्हणून सोडू नका, बंदच स्वस्त मिळतं. बऱ्याचदा आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं, चाकांवर काळा थर असतो, मोटरच्या कम्युटेटरवर (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) कार्बन साचलेला असतो, आणि हे तिन्ही अल्कोहोल, इअरबड आणि एक थेंब हलकं तेल यांनी जातं. बघायचं ते गिअर. प्लास्टिकचा गिअर आसावर चिरला असेल तर इंजिन दर फेरीला टक-टक करत धावतं, आणि त्याचा सुटा गिअर मिळतो का हे आधी शोधा, मगच घ्या. मोटर हाताने फिरत असेल, चाकं डोलत नसतील, तर बाहेरून रंग उडालेला असला तरी चालेल, रंग आपण देऊ.

वाघिणींचं वजन हा विषय फार थोडे लोक मनावर घेतात. हलकी वाघीण सांध्यावर उडते. अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेची शिफारस एचओसाठी अशी की सुरुवातीला २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर इंचाला आणखी १४, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या वाघिणीला सुमारे ११२ ग्रॅम. स्वस्त जुन्या वाघिणी यापेक्षा बऱ्याच हलक्या असतात. आत वॉशर, नट, कापलेले खिळे भरा, पण शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. त्या गोंदातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, शिशावर हळूहळू पांढरा क्षार धरतो, तो फुगत जातो, आणि काही वर्षांनी इंजिनाचं बॉयलर किंवा डब्याची भिंत आतून फाटते. शिसं वापरायचंच तर इपॉक्सी, आणि हात धुवा. मी तर लोखंडच वापरते.

पैसे कशावर वाचवू नयेत ते पण सांगते. ब्लेड. बोथट ब्लेडने पुठ्ठा फाटतो आणि बोट कापतं, त्यामुळे ब्लेड भरपूर घ्या आणि न लाजता बदला. स्टीलची पट्टी, प्लास्टिकची नको. आणि तापमान धरून ठेवणारी बरी सोल्डरिंग गन, कारण कमी तापलेल्या गनने रुळाचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात, हे उलटं वाटतं पण खरं आहे, ती जास्त वेळ टेकवून ठेवावी लागते ना.

सध्या माझ्या टेबलावर पूल आहे. खऱ्यातला तीस मीटरचा लोखंडी गर्डर, एचओमध्ये साडेचौतीस सेंटिमीटर, सगळा नोटपॅडच्या मागच्या पुठ्ठ्याचा. रिव्हेट उमटवायला संपलेलं बॉलपेन, पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूने ग्राफ पेपर ठेवून मिमीमिमीवर टोचत जायचं, पुढून फुगवटे येतात. खऱ्यात दहा सेंटिमीटरवर एक रिव्हेट धरला तर एचओमध्ये १.१५ मिमी बसतं, ग्राफ पेपरच्या १ मिमीने काम भागतं. एका बाजूचा वरचा पट्टा झालाय, खालचा आणि तिरक्या पट्ट्या राहिल्यात, आणि वजन पेलायला पुठ्ठ्याच्या आत जुन्या छत्रीच्या काड्या घालणार आहे, कारण दिसायला पुठ्ठा चालेल पण वरून जाणारा रूळ एक केसभरही खाली जाता कामा नये.